उलटे आटे

वळण जवळ आलं म्हणून मी पायडल मागं दाबलं, आणि पायाखालचा जोर एकाएकी नाहीसा झाला. पायडलं उलटी गरगर फिरली. चाक मात्र पुढंच धावत होतं.

“सर!” एवढंच मी ओरडले. समोर कॉलेजच्या नव्या इमारतीसाठी टाकलेला वाळूचा ढीग होता आणि त्याच्या पलीकडं दगडी कुंपण. मी हँडल वाळूकडं वळवलं. त्यानंतरचं आठवतं ते तोंडात भरलेली वाळू आणि हनुवटीवरून ओघळणारं गरम रक्त.

पहिल्यांदा पोचली ती वहिनी. हातातला पाना टाकायचंही तिला सुचलं नव्हतं.

“हलू नकोस. आधी बोटं हलव. पायाची पण. मान दुखते का?”

“नाही. वहिनी, पायडल उलटं फिरलं.”

“बघितलं मी.”

तिनं ओढणी माझ्या हनुवटीला दाबून धरली. तोवर आमचे प्रशिक्षक मगदूम सर धापा टाकत आले. त्यांनी मला पाहिलं, सायकल पाहिली.

“गोंद लावला होता ना गं, ऊर्मिला?”

“लावला होता सर.”

“मग सुटलं कसं?”

मागच्या चाकावर ज्या दातेरी चकतीवरून चेन फिरते, ती चकती आट्यांवरून निम्मी बाहेर आली होती. वहिनीनं तिच्यावरून बोट फिरवलं.

“सुटणारच होतं,” ती म्हणाली.

ही गोष्ट कोल्हापूरची, मी ज्युनिअर गटाच्या शेवटच्या वर्षात असतानाची. ट्रॅकवरच्या शर्यतीची सायकल ज्यांनी पाहिली नाही त्यांना सांगायला हवं, की तिला ब्रेक नसतात आणि फ्रीव्हीलही नसतं. चाक फिरतं तोवर पायडल फिरतं. उतारावर पाय निवांत ठेवून बसायची सोय नाही. थांबायचं तर पायांनीच मागं रेटून चाकाला आवरायचं. आपले पाय हाच तिचा ब्रेक.

मगदूम सरांच्या क्लबात अशी एकच सायकल होती, त्यांच्या स्वतःच्या खेळायच्या दिवसांतली. राज्य स्पर्धा तोंडावर आली आणि तिच्या मागच्या चाकाचं हब तडकलं. हब म्हणजे चाकाचा मधला गड्डा, ज्यात एक्सलचा दांडा असतो आणि ज्याला सगळे स्पोक ओवलेले असतात. तसलं हब कोल्हापुरात कुठलं मिळायला? सरांनी पुण्या-मुंबईला फोन केले. बाहेरच्या देशातून मागवायचं म्हटलं तर ते येईपर्यंत स्पर्धा होऊन गेली असती. सर म्हणाले, “पुढच्या वर्षी बघू.” पुढच्या वर्षी मी त्या गटात बसणार नव्हते, हे त्यांना माहीत होतं आणि मलाही.

त्या दिवशी जेवताना माझ्या ताटात डोळ्यांतलं पाणी पडत होतं. वाढता वाढता वहिनी म्हणाली, “माळ्यावर ह्यांची लहानपणीची सायकल आहे ना, तिचं हब बघू का?”

ऊर्मिलावहिनी म्हणजे माझ्या धैर्यशीलदादाची बायको. लग्नाला वर्षही झालं नव्हतं. ती इचलकरंजीची. तिच्या वडिलांचा कापडाच्या मागांचे सुटे भाग बनवायचा कारखाना होता, त्यामुळं ती लेथ मशीनच्या आवाजातच वाढली. मेकॅनिकलचा डिप्लोमा करून शिरोलीच्या एका कारखान्यात नोकरीला लागली होती. लग्न ठरलं तेव्हा आई म्हणाली, “वर्षभर घरात रुळू दे, मग बघू.” आणि तिनं नोकरी सोडली. खरं सांगायचं तर मला ती फारशी जवळची वाटत नव्हती. ती कमी बोलायची. मी मैत्रिणींच्या कागाळ्या सांगत बसले की ऐकून घ्यायची आणि शेवटी एखादंच वाक्य बोलायची, ते नेमकं मला नको असलेलं असायचं. एकदा आईनं मिक्सर लावला तर ही लांबून म्हणाली, “आई, ह्याचं बुश गेलंय, बंद करा.” आईनं बंद केला नाही. दुसऱ्या दिवशी मिक्सर जळाला आणि आईला राग आला तो वहिनीचाच.

माळ्यावर होती ती बीएमएक्स. लहान चाकांची, उड्या मारायची दणकट सायकल, मस्कतच्या मामांनी दादाला आणलेली. दादानं ती चालवली कमी आणि पुसली जास्त. ती खोलायची म्हटल्यावर त्याचा चेहरा उतरला. पण बायको आणि बहीण दोघी शिडीखाली उभ्या, तो काय बोलणार?

वहिनीनं हब सुटं केलं, रॉकेलनं धुतलं आणि खिडकीशी नेऊन फिरवलं. ते बराच वेळ आवाज न करता फिरत राहिलं.

“मोठ्या चाकाला बसेल हे?” मी विचारलं.

“स्पोकची भोकं जुळतात. हब जरा अरुंद आहे, तर एक्सल लांब घालू आणि दोन्ही बाजूंची जागा भरायला बुश देऊ. एवढं सगळं होतंय.”

“मग अडतंय कुठं?”

“मागं दाबल्यावर.”

आणि तिनं मला समजावलं. बीएमएक्सच्या हबवर फ्रीव्हील असतं, ते आट्यांवर फिरवून बसवतात. पुढं पायडल मारलं की ते आणखी आवळतं, आणि मागचा जोर त्याला कधी बसतच नाही. आम्हाला मात्र फ्रीव्हीलच्या जागी साधी चकती बसवायची होती आणि मागं दाबून थांबायचं होतं. मागं दाबलं की बरणीचं झाकण उघडावं तशी चकती उघडणार. ट्रॅकच्या खऱ्या हबवर चकतीच्या बाहेरून उलट्या आट्यांचा एक नट बसतो, तो तिला सुटू देत नाही. ह्या हबवर उलटे आटेच नव्हते.

मगदूम सरांनी तोड काढली. आट्यांना लावायचा लाल गोंद भरपूर लावायचा आणि वरून साधा नट ठोकून बसवायचा. “पुष्कळ जण चालवतात असं. काही होत नाही,” ते म्हणाले. वहिनी थोडा वेळ हबकडं बघत राहिली. मग म्हणाली, “बसवते.”

आणि मी वाळूत पडले.

दवाखान्यातून टाके घालून घरी आलो तेव्हा आई दारातच उभी होती. माझी हनुवटी तिनं हातात धरून पाहिली आणि मग वहिनीकडं वळली.

“पोरीचं अजून लग्न व्हायचंय, आणि तोंडावर टाके! तिथं कुंपण होतं म्हणे दगडाचं. डोकं आपटलं असतं तर?”

“आई, सरांनीच सांगितलं होतं तसं बसवायला,” दादा मध्ये पडला.

“सरांचं काही नाही,” वहिनी म्हणाली. “सर सायकल शिकवतात. आटे हे माझं काम आहे. गोंद टिकणार नाही असं मला वाटत होतं. तरी मी बसवलं. चूक माझी आहे, आई.”

असं सरळ कुणी कबूल केलं की भांडणाऱ्या माणसाची पंचाईत होते. पण आईचा राग उतरायला तेवढं पुरेसं नव्हतं.

“आजपासून ह्या घरातल्या कुणी त्या सायकलला हात लावायचा नाही,” ती म्हणाली आणि आत गेली.

दुसऱ्या दिवशी वहिनी इचलकरंजीला गेली. “अण्णांना भेटून येते,” एवढंच म्हणाली. मी पलंगावर पडून होते, तिनं माझ्या कपाळाला हात लावला आणि गेली.

ती दोन दिवसांत येईल असं सगळ्यांनी धरलं होतं. आली नाही. दादानं फोन केला तर म्हणाली, “थोडं काम आहे, येते.” आठवडा गेला. शेजारच्या काकूंनी दोनदा विचारलं, “सूनबाई दिसत नाहीत?” आई पोळ्या लाटता लाटता मध्येच थांबायची. एकदा आपणहून म्हणाली, “मी जरा जास्तच बोलले का गं?” मलाही तेच वाटत होतं, की वहिनी रुसून माहेरी गेली आहे. आणि तिच्याशिवाय घर कसं भुंडं वाटतंय, हे मला पहिल्यांदा कळत होतं. माझी स्पर्धा मी मनातून सोडून दिली होती.

रविवारी आई दादाला म्हणाली, “जाऊन घेऊन ये तिला. संयोगिताला बरोबर ने. मी रागावलेली नाही म्हणावं.”

आम्ही स्कूटरवरून इचलकरंजीला गेलो. रविवार असूनही गल्लीत कुठंतरी माग खडखडत होते. अण्णा कारखान्यात एकटेच होते, चष्मा कपाळावर चढवून काहीतरी घासत बसलेले. आम्हाला बघून त्यांनी स्टूल पुढं केलं.

दादा अवघडून म्हणाला, “अण्णा, ऊर्मिलाला न्यायला आलोय. घरात जरा बोलाचाली झाली...”

“कसली बोलाचाली?” अण्णा म्हणाले. “मला काय बोलली नाही बाबा ती. काम घेऊन आली आणि लेथवर उभी राहिली.”

“कसलं काम?”

अण्णांनी बाकड्याखालचं एक पत्र्याचं घमेलं पायानं पुढं ओढलं. त्यात लोखंडाचे तुकडे होते, बोटभर लांबीचे, गोल. मी एक उचलला. त्याच्या अर्ध्या भागावर सरळ आटे होते, अर्ध्यावर उलटे. दुसरा उचलला, तोही तसाच. घमेलं भरलं होतं.

“हब एकच,” अण्णा सांगू लागले. “त्यावर फ्रीव्हील बसायची जागा चांगली लांब होती, नशीब. आतल्या भागावर चकती ठेवायची आणि बाहेरचा भाग बारीक करून त्यावर उलटे आटे पाडायचे, असं तिनं ठरवलं. पण एकदा हात चुकला तर हब गेलं, दुसरं कुठनं आणणार? म्हणून आधी भंगारावर हात बसवला. मी म्हटलं, अगं बाजूला हो, मी पाडून देतो, माझी उभी जिंदगी गेली ह्यात. तर म्हणे, नाही अण्णा, चूक माझी झाली, काम मीच करणार. मनाजोगते आटे पडेपर्यंत तिनं हबला हातच लावला नाही.”

“मग झालं का?” मी विचारलं.

“ते तर केव्हाच झालं की.”

“मग ती घरी का नाही आली?”

अण्णा हसले. चष्मा डोळ्यांवर घेऊन त्यांनी मागच्या गल्लीकडं बोट दाखवलं. “शाळेच्या मैदानावर जा. स्वतःच बघा.”

शाळेला सुट्टी होती. फाटक नुसतं लोटलेलं होतं. आत सिमेंटचं मोठं मैदान, आणि त्या मैदानावर क्लबची सायकल गोल गोल फिरत होती. वर वहिनी होती. अण्णांचा जुना शर्ट, पायात सलवार, घोट्याजवळ दोरीनं बांधलेली. पाठीवर एक पोतं करकचून बांधलेलं होतं, दप्तरासारखं.

आम्ही फाटकाशीच थबकलो. ती वेगात आली, मैदानाच्या मध्यावर पायडलांवर उभी राहिली आणि सगळ्या अंगानं मागं रेटली. टायर कर्रकन ओरडला. सायकल घसरत, शेपटी हलवत थांबली. तिनं एक पाय टेकला, खाली वाकून चकतीला हात लावून पाहिला आणि पुन्हा निघाली.

तेव्हा माझं लक्ष खाली गेलं. सगळ्या मैदानभर काळे ओरखडे होते. काही पुसट, काही ताजे, एकमेकांवरून गेलेले. एकेक ओरखडा म्हणजे तिचं एकेक थांबणं.

“ऊर्मिला!” दादानं हाक मारली.

ती दचकली, वाकडी झाली आणि आमच्यापुढंच बाजूला कलंडली. आम्ही धावलो. उठवून बसवलं तर दोन्ही कोपरं सोललेली, गुडघ्यावर सलवार फाटलेली. जुन्या जखमांवर खपल्या धरलेल्या होत्या. पाठीवरच्या पोत्यात मागाचे सुटे भाग भरलेले होते.

“हे काय चालवलंयस?” दादाचा आवाज चिरकला.

“संयूपेक्षा जास्त वजन पाहिजे होतं,” ती धापा टाकत म्हणाली. “माझं पुरेना, म्हणून पोतं घेतलं. एवढ्या वजनानं सुटलं नाही तर तिच्यानं सुटणार नाही.”

“तुला येते ही सायकल?” मी विचारलं.

“साधी येत होती. ही शिकायला वेळ लागला. ही मेली पाय थांबवूच देत नाही.”

“किती पडलीस गं तू!”

“पडले ती मला येत नाही म्हणून. चकतीमुळं एकदाही नाही.” तिनं मला हाताला धरून चाकापाशी बसवलं. “हे बघ. मागं दाबलं की चकती सुटायला बघते, तशी ती ह्या नटालाही बरोबर फिरवते. पण नट उलट्या आट्यांचा. तो तिकडं फिरला की आवळतो. जेवढी ही सुटायला बघणार, तेवढा तो हिला आवळून धरणार.”

दादा म्हणाला, “फोनवर सांगायचं नाही होय? आम्हाला वाटलं तू रुसून आलीस.”

“रुसायला काय झालं? आईंचं बरोबर होतं.” तिनं कोपरावरची धूळ झटकली. “त्या म्हणाल्या होत्या सायकलला हात लावायचा नाही. मी तर ती सरांकडून मागून आणली आणि रोज लावत होते. विचारलं असतं तर खोटं बोलता आलं नसतं, म्हणून फोनवर काही बोललेच नाही. आणि मला घाई करायची नव्हती. मागच्या वेळी घाई केली आणि हिला पाठवलं पुढं. ह्या वेळी हिच्या आधी मी बसणार होते.”

माझी हनुवटी ठुसठुसत होती. टाके माझे होते, पण त्यांच्यासाठी ह्या बाईनं किती वेळा स्वतःला सिमेंटवर आपटून घेतलं होतं! मला रडू आलं आणि ते लपवायला मी पोत्याची दोरी सोडत बसले.

घरी आल्यावर वहिनीनं आईला सगळं उभ्या उभ्याच सांगितलं. आईनं तिचे गुडघे पाहिले, कोपरं पाहिली.

“आणि पुन्हा सुटलं तर?” मग तिनं विचारलं.

“मागच्या वेळी ‘सुटणार नाही’ असं मी म्हणाले नव्हते, आई. आज म्हणते.”

आईनं हळदीचा डबा काढला आणि तेल तापवायला ठेवलं. “बस खाली,” ती वहिनीला म्हणाली. “आणि तू गं? तुला भीती नाही वाटत?”

“नाही,” मी म्हटलं. ते खरं होतं.

स्पर्धा पुण्यात होती. सायकल शर्यतींच्या व्हेलोड्रोमचा तो सिमेंटचा ट्रॅक, वळणावर भिंतीसारखा चढत गेलेला, मी हात लावून पाहिला. मगदूम सर, दादा आणि वहिनी मधल्या मोकळ्या जागेत उभे होते. तपासणीच्या वेळी एका पंचांनी हबकडं वाकून पाहिलं होतं. “हे कुठल्या कंपनीचं?” त्यांनी विचारलं. “कोल्हापूर-इचलकरंजी,” सर गंभीरपणे म्हणाले. पंचांनी नट पान्यानं ओढून पाहिला आणि मान डोलावली.

शर्यत सगळ्यांनी एकदम सुटायची होती. शेवटच्या फेरीची घंटा झाली तेव्हा मी पाचवी होते. पुढच्या चौघी एकमेकींना चिकटून पळत होत्या. वळणातून बाहेर पडताना त्यांच्यातल्या एकीचं पुढचं चाक दुसरीच्या मागच्या चाकाला घासलं. ती आडवी झाली आणि तिच्यावर दुसरी पडली. माझ्यासमोर, अगदी समोर, दोन मुली आणि दोन सायकली लोळत होत्या.

विचार करायला वेळ नव्हता. मी उठून सगळं अंग मागं टाकलं. मांड्या फाटतील असं वाटलं. पण पायाखाली जोर होता. सायकलनं तो जोर धरला, वेग मोडला, आणि ज्या मुलीचा हात माझ्या वाटेत पडला होता त्या हाताच्या खालच्या बाजूनं मी निसटले. तिची बोटं मला दिसली. नखांना गुलाबी रंग लावलेला होता. मग मी पुन्हा पुढं दाबलं आणि धावले.

मी तिसरी आले. पडलेल्या दोघी उठून बसल्या होत्या, एकीच्या हाताला फळी बांधत होते. मी हळूहळू मागं दाबत, गोल फिरत खाली उतरले. दादा हात वर करून काहीतरी ओरडत होता. सरांनी टोपी काढून हातात धरली होती.

वहिनी आली ती थेट सायकलच्या मागं गुडघ्यांवर बसली, नटावर अंगठा ठेवला, चकती दोन्ही हातांनी धरून हलवून पाहिली. मग तिनं तो काळा झालेला अंगठा बघितला.

“हललेला नाही,” ती म्हणाली.

आणि तिथंच सिमेंटवर मांडी घालून ती रडायला लागली. घरात एवढं बोलणं झालं तेव्हा न रडलेली, कोपरं फुटली तरी न रडलेली माझी वहिनी, ओढणी तोंडात धरून हमसून हमसून रडत होती.

“डोळे मिटले की तू वाळूत पडतानाच दिसायचीस,” ती म्हणाली. “रोज.”

मी सायकल दादाच्या हातात दिली आणि तिच्याजवळ खाली बसले. माझ्या घामानं तिचा खांदा ओला झाला. वर ध्वनिक्षेपकावरून माझं नाव पुकारत होते, आणि मगदूम सर घाईघाईनं आमच्याकडं आले.

“अगं ऊठ, पदक घ्यायला बोलावतायत.”

“बोलावू दे सर,” मी म्हटलं. “हिचं रडून होऊ दे. मग आम्ही दोघी येतो.”